क्लबने लीग बदलली, आता आम्ही काय करायचं?

पत्र: ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. मुलगी सातवीत आहे, जन्म ऑक्टोबर २०१२ चा. आठ वर्षांची असल्यापासून एकाच सॉकर (म्हणजे आपला फुटबॉल) क्लबच्या ट्रॅव्हल टीममध्ये, म्हणजे बाहेरगावी जाऊन मॅचेस खेळणाऱ्या टीममध्ये, डिफेन्सला खेळते. मागच्या आठवड्यात क्लबचा मेल आला की पुढच्या हंगामापासून आपण ईसीएनएल रीजनल लीग (ईसीएनएल या राष्ट्रीय लीगची खालची पायरी) सोडून गर्ल्स अकॅडमी या दुसऱ्या राष्ट्रीय लीगमध्ये जातोय, मुलींसाठी ही फार मोठी संधी आहे, वगैरे. फी ३,२०० डॉलरवरून ३,९००. मॅचेस पार मेरीलँड-व्हर्जिनियापर्यंत. म्हणे हंगामात पाच तरी मुक्कामी फेऱ्या होतील. तेव्हापासून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसती धुमश्चक्री चालू आहे. निम्म्या जणी दुसऱ्या एका क्लबकडे ट्रायआउटला (निवड चाचणीला) निघाल्यात, कारण तो जुन्याच लीगमध्ये राहतोय. त्यात आमची कारपूलवालीही आहे. तो क्लब घरापासून पाऊण तासावर, आत्ताचं मैदान पंधरा मिनिटांवर. नवरा मुंबईत कांगा लीग खेळलेला माणूस. तो म्हणतो, कॉलेजचे कोच जुनीच लीग बघतात, आपणही तिकडे जाऊ. मुलगी म्हणते ‘तुम्ही ठरवा’ आणि खोलीचं दार लावून घेते. धाकटा नऊ वर्षांचा, त्याची रविवारची मराठी शाळा आत्ताच निम्मी बुडते. सासूबाई फोनवर विचारतात, ‘अगं, पोरीला खेळायला एवढं लांब कशाला न्यावं लागतं?’ मला उत्तर देता येत नाही. डिपॉझिट शुक्रवारपर्यंत भरायचंय. सांगा, कुठली लीग चांगली?
– एक आई, एडिसन

उत्तर:

आधी सासूबाईंच्या प्रश्नाकडे वळते. अख्ख्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नसेल.

तुमच्या यजमानांना कांगा लीग चांगली ठाऊक आहे. भर पावसाळ्यात, वाढलेल्या गवतात क्रिकेट, ‘ए’पासून ‘जी’पर्यंत डिव्हिजन, जिंकलात तर वर चढलात, हरलात तर खाली उतरलात. म्हणून ‘आमचा क्लब ए डिव्हिजनला खेळतो’ या वाक्याला मुंबईत वजन असतं. क्लबची लीग बदलली हे ऐकल्यावर त्यांच्या डोक्यात तेच गणित सुरू झालं असणार: आपण वर चाललोय की खाली? अमेरिकेतल्या मुलामुलींच्या सॉकरमध्ये हे गणित बहुतेक वेळा लागूच होत नाही. ईसीएनएल किंवा गर्ल्स अकॅडमीसारखी लीग क्लबला सभासद करून घेते. एखाद्या टीमने सगळ्या मॅचेस जिंकल्या म्हणून तिला वरच्या लीगमध्ये आपोआप जागा मिळत नाही आणि सपाटून हरली म्हणून कोणी तिला लगेच बाहेरही काढत नाही. कुठल्या भागात कुठला क्लब घ्यायचा, त्याच्या सगळ्या वयोगटांच्या टीम चालतील का, शेजारच्या सभासद क्लबची हरकत आहे का, या वाटाघाटी ऑफिसात बसून होतात. सभासद क्लब विखुरलेले असतात, म्हणून मॅचेसही विखुरलेल्या. तुमच्या घरापासून वीस मैलांत चांगल्या डझनभर टीम असतीलही, पण त्यांच्या बाहीवर वेगळ्या लीगचा बिल्ला आहे, म्हणून तुमच्या मुलीने तीनशे मैलांवरच्या रिचमंडला जाऊन खेळायचं. सासूबाईंना हे असंच सांगा. त्या हसतील, आणि त्यांचं हसणं रास्तच असेल.

आता तुमचा प्रश्न: कुठली लीग चांगली? दोन्ही बऱ्या आहेत. मी टाळाटाळ करत नाहीये. तुमच्या घरातला निर्णय या प्रश्नावर अडवून ठेवण्याइतका तो महत्त्वाचाच नाही, आणि तो का नाही हे सांगायला थोडा मागचा इतिहास लागेल.

ईसीएनएल २००९ मध्ये मुलींसाठी सुरू झाली. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाची, म्हणजे यू.एस. सॉकरची, मुलांसाठी डेव्हलपमेंट अकॅडमी २००७ पासून होतीच; २०१७ मध्ये त्यांनी मुलींसाठीही ती काढली. त्या वेळी थेट तुमच्या क्लबसारखेच मेल घरोघरी गेले होते. आता खरी वाट हीच, राष्ट्रीय संघाचे निवडकर्ते इथेच बघणार, वगैरे. अनेक क्लबांनी ईसीएनएल सोडली. मुलींनी त्यासाठी शाळेच्या टीमवरही पाणी सोडलं, कारण अकॅडमीत खेळायचं तर काही अपवाद वगळता हायस्कूलसाठी खेळता येत नसे. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत, महासंघाने ती अकॅडमी मुलांची-मुलींची दोन्ही एका फटक्यात बंद केली. मुलींची तर जेमतेम तीन वर्षं चालली. त्यातून त्याच वर्षी मुलांसाठी एमएलएस नेक्स्ट आणि मुलींसाठी गर्ल्स अकॅडमी उभी राहिली. काही क्लब तिकडे गेले, काही मुकाट ईसीएनएलमध्ये परतले. २०१७ मध्ये नववीत असलेल्या मुलीने बिल्ल्यासाठी शाळेच्या टीमची तीन वर्षं सोडली असतील तर ती तिला कोणी परत दिली नाहीत.

क्लब हे का करतात, हेही समजून घ्या, म्हणजे मेलमधल्या ‘संधी’चा राग निवळेल. क्लबला मुली हव्या असतात, फी त्यांच्याकडून येते. आसपासच्या दुसऱ्या क्लबकडे मोठ्या नावाची लीग असेल तर बारा-तेराव्या वर्षी चांगल्या मुली तिकडे सरकतात. मग आपल्या क्लबलाही तोडीस तोड नाव लागतं. लीगलाही नकाशावर क्लब हवे असतात. तुमच्या क्लबने कदाचित वर्षभर ईसीएनएलच्या वरच्या पायरीसाठी प्रयत्न केला असेल, ती मिळाली नसेल, आणि गर्ल्स अकॅडमीने दार उघडलं असेल. यात कोणी खलनायक नाही. पण हा क्लबच्या धंद्याचा निर्णय आहे, तुमच्या मुलीच्या खेळाबद्दल त्यात एक अक्षर नाही, हे लक्षात ठेवून तो मेल पुन्हा एकदा वाचा.

कॉलेजचं म्हणाल तर यजमानांची चिंता अगदीच अस्थानी नाही. कॉलेजचे कोच दोन्ही लीगच्या शोकेसना, म्हणजे खास कोचना मुली बघता याव्यात म्हणून भरवलेल्या स्पर्धांना, जातात, कारण एका ठिकाणी एका वीकेंडला शेकडो मुली बघायला मिळतात. पण डिव्हिजन वनचा, म्हणजे कॉलेजच्या खेळातल्या सगळ्यात वरच्या गटाचा, कोच खेळाडूशी थेट बोलू शकतो तो दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून. तुमच्या लेकीसाठी ती तारीख आहे १५ जून २०२९. तोवर कुठला क्लब कुठल्या लीगमध्ये असेल, यावर पैज लावायची माझी तयारी नाही. शिवाय तिसऱ्या गटात, डिव्हिजन थ्रीमध्ये, खेळासाठी शिष्यवृत्ती मुळात नसतेच, आणि तुमच्यापासून जवळच असलेल्या प्रिन्स्टनसकट कुठलंच आयव्ही लीग विद्यापीठ ती देत नाही. तिथे खेळाचा उपयोग प्रवेशाला होतो, फीला नाही. न्यू जर्सीच्याच डेलरनची कार्ली लॉईड रटगर्स विद्यापीठात खेळून दोन वर्ल्डकप जिंकणाऱ्या अमेरिकेच्या संघात पोचली. ती शाळेत असताना यातली एकही लीग जन्माला आली नव्हती. अर्थात तेव्हाचा काळ वेगळा होता, आणि प्रत्येकीची कार्ली लॉईड होत नाही. सांगायचं एवढंच की सातवीतल्या मुलीच्या बाबतीत कॉलेजच्या नावाने आज कुठलीच घाई करण्यासारखी नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही एका वाक्यात लिहिलंत आणि पुढे गेलात, तिथे मी थांबते: पंधरा मिनिटं आणि पाऊण तास.

तुम्हा सगळ्यांना व्हर्जिनियाची भीती वाटतेय, कारण ती नकाशावर दिसते. मंगळवारची भीती कोणालाच वाटत नाही. दुसऱ्या क्लबचं मैदान जायला अर्धा तास जास्त, यायला अर्धा तास जास्त. आठवड्याला तीन प्रॅक्टिस धरल्या तर तीन तास. वर्षातले चाळीस आठवडे धरले तर १२० तास. व्हर्जिनिया-मेरीलँडच्या पाच फेऱ्या, प्रत्येकी येऊन-जाऊन नऊ तास धरले तरी ४५ होतात. आणि ते १२० तास कसले? संध्याकाळी सहाच्या ट्रॅफिकमधले, रूट वनवर लाल दिव्यांमागे रांगेत, ऑफिसची शेवटची मीटिंग कारमध्येच आटपत. मागच्या सीटवर धाकटा डब्यातला थंड पराठा खातोय, गृहपाठाची वही मांडीवर, आणि पुढच्या सीटवर लेक शिनगार्ड चढवता चढवता विचारतेय की आपल्याला पुन्हा उशीर होणार का. उशीर झाला की कोच वॉर्मअपनंतर आलेल्यांना मैदानाला चकरा मारायला लावतो, म्हणजे प्रॅक्टिसचाही निम्मा उपयोग गेला. हिवाळ्यात याच्यावर बर्फ. लांबची मॅच थकवते, पण तिच्यात थोडी मजाही असते. हॉटेलच्या पूलमध्ये सगळ्या टीमने घातलेला धिंगाणा मुली वर्षानुवर्षं आठवतात. रोजच्या पाऊण तासात कसलीच मजा नसते.

म्हणजे मी तुम्हाला ‘आहात तिथेच राहा’ म्हणतेय का? जवळपास हो. पण दोन गोष्टी आधी पक्क्या करून घ्या, आणि पहिली अशी आहे की ती कळली तर तुमचा निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

२०२६-२७ पासून वयोगटाची रेघ बदलतेय. गेली काही वर्षं टीम कॅलेंडर वर्षानुसार बनायच्या, जानेवारी ते डिसेंबर. आता यूएस यूथ सॉकर, यूएस क्लब सॉकर आणि एवायएसओ या तीन संघटनांनी ती १ ऑगस्ट ते ३१ जुलै अशी केली आहे, म्हणजे शाळेच्या वर्षाशी बरीचशी जुळणारी. तुमची मुलगी ऑक्टोबर २०१२ ची. आत्ता ती २०१२ च्या टीममध्ये, यू-१४ ला (चौदा वर्षांखालच्या गटात) आहे. पुढच्या वर्षी १ ऑगस्ट २०१२ ते ३१ जुलै २०१३ या गटात, म्हणजे पुन्हा यू-१४ मध्येच राहील. तिच्या टीममधल्या जानेवारी ते जुलै २०१२ च्या मुली मात्र यू-१५ ला जातील, आणि त्यांतल्या बहुतेक सप्टेंबरपासून हायस्कूलमध्ये असतील. म्हणजे लीग बदलली नसती तरी तुमची टीम फुटणारच होती! ग्रुपवर लीगच्या नावाने जे रडू चाललंय, त्यातलं निम्मं खरं तर या तारखेचं आहे.

म्हणून विचारते, कारपूलवालीच्या मुलीचा वाढदिवस कधी असतो? तो मार्च-एप्रिलमध्ये असेल, तर दोघी कुठल्याही क्लबमध्ये गेल्या तरी एका टीममध्ये नसतील. प्रॅक्टिसच्या वेळा वेगळ्या, कदाचित मैदानंही वेगळी, आणि कारपूलचा आधार तसाही गेला. सप्टेंबर-नोव्हेंबरमध्ये असेल तर गोष्ट वेगळी, तिच्याशी आज रात्रीच बोला. ट्रायआउटला निघालेल्या बाकीच्यांचे वाढदिवसही असेच मांडून बघा. टीमच्या फोटोखाली जन्मतारखा लिहायला दहा मिनिटं लागतील. मला वाटतं, तुमच्या लेकीला खरोखर ज्यांच्याबरोबर पुढच्या वर्षी खेळायला मिळेल अशा मुली तुमच्या धारणेपेक्षा कमी निघतील, आणि ‘सगळ्या चालल्यात’ या वाक्यातली हवा जाईल.

तिच्यासाठी ही नवी रेघ चांगली आहे, हेही सांगते. जुनी रेघ तशीच राहिली असती तर पुढच्या फॉलमध्ये (शरद ऋतूत) ती आठवीत आणि टीममधल्या बहुतेक मुली हायस्कूलच्या टीममध्ये गुंतलेल्या, अशी तिची पंचाईत झाली असती. न्यू जर्सीत शाळेचं सॉकर फॉलमध्येच असतं. त्या दोन-अडीच महिन्यांत अशा आठवीतल्या मुलींसाठी क्लब इकडून-तिकडून तात्पुरती टीम जोडतात. आता ती आपल्या इयत्तेतल्या मुलींबरोबर असेल. शाळेचीच चिंता असेल तर गर्ल्स अकॅडमी आणि ईसीएनएल, दोन्हीकडे नववीपासून हायस्कूलसाठी खेळायला मोकळीक आहे. ही बंधनाची गोष्ट उद्या तुमच्या धाकट्याच्या वेळी येऊ शकते, कारण मुलांच्या एमएलएस नेक्स्टच्या होमग्रोन नावाच्या विभागात शाळेसाठी खेळता येत नाही. पण तो अजून नऊचा आहे, त्याला सुखाने खेळू द्या.

दुसरी गोष्ट कोच. तुमच्या पत्रात लीगचं नाव आहे, दोन्ही मैदानांचं अंतर आहे, कोचचा मात्र उल्लेखच नाही. पुढच्या वर्षी यू-१४ ला कोण असणार? वयोगटांची फेरमांडणी होतेय म्हणजे कोचांचीही होणार, आणि क्लब हे शेवटपर्यंत सांगायला नाखूश असतात. आत्ताच्या कोचखाली तुमची मुलगी सुधारतेय, चुकली तर तो तिला बाहेर काढून ओरडतो की थांबवून दाखवतो, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. तोच राहणार असेल तर व्हर्जिनिया परवडलं. तो जाणार असेल आणि येणाऱ्याचं नावही क्लब सांगत नसेल, तर पंधरा मिनिटांच्या मैदानाचं अर्धं मोल कमी झालं असं समजा, आणि दुसऱ्या क्लबची एक प्रॅक्टिस बघायला जरूर जा. मॅच नको, प्रॅक्टिसच बघा. मॅचमध्ये कोच पालकांसमोर असतो.

क्लबच्या टीम मॅनेजरला मेल टाका, फोन नको, कारण फोनवरचं ‘हो हो, बघू’ नंतर सापडत नाही. विचारा: गर्ल्स अकॅडमीत आपल्या वयोगटाची नेमकी कुठली टीम जातेय? क्लब गेला म्हणजे क्लबच्या सगळ्या टीम गेल्या असं नसतं. पुष्कळदा पहिली टीम मोठ्या लीगमध्ये आणि दुसरी टीम दुसऱ्याच कुठल्या छोट्या लीगमध्ये असते, फी मात्र दोघींची सारखीच दिसते. रोस्टर (टीमची यादी) किती मुलींचं? अठरा आणि बावीस यांत डिफेन्सच्या मुलीला पडणारा फरक मोठा आहे, आणि वरच्या लीगांमध्ये एका हाफमध्ये बाहेर आलेली खेळाडू त्याच हाफमध्ये परत आत जाऊ शकत नाही असे नियम असतात, म्हणून बाकावरची मुलगी खरोखरच बाकावर राहते. ३,९०० मध्ये काय काय आलं? किट, कोचचा प्रवास-मुक्काम, टूर्नामेंटची फी हे सगळं त्यात आहे, की हंगामाच्या मध्यावर वेगळ्या मेलने येणार? लांबच्या टूर्नामेंटला ‘स्टे टू प्ले’ असतं, म्हणजे आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच राहावं लागतं, आणि मैदानाशेजारी राहणारी मावशी कामाची नाही. तेही विचारा. डिपॉझिट परत मिळतं का, कोणत्या तारखेपर्यंत, हे तर सगळ्यात आधी. फीची सवलत मागायला संकोच करू नका; बऱ्याच क्लबकडे ती असते, अर्जाची मुदत तेवढी लवकर संपते.

शुक्रवारच्या मुदतीला एवढं घाबरू नका. क्लबला मुली गमवायच्या नाहीत, विशेषतः या वर्षी, अर्धी टीम दाराशी उभी असताना. ‘या प्रश्नांची उत्तरं आली की सोमवारी भरतो’ असं लिहिलंत तर बहुतेक क्लब ऐकतात. ज्याला चार दिवसही द्यायचे नाहीत त्याच्याबद्दलही तुम्हाला काहीतरी कळलंच.

आता लेक. ‘तुम्ही ठरवा’ म्हणणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीला बहुधा काय हवंय ते नीट ठाऊक असतं. बोलून कोणाला दुखवायचं नसतं इतकंच. बाबाला जुनी लीग हवी, मैत्रिणी चालल्या, आई फी मोजतेय, हे सगळं त्या दारामागे ऐकू जातं. मॅचनंतर कारमध्ये विचारू नका, तिथे ती अडकलेली असते. घरी पोळ्या लाटताना, भांडी आवरताना, नजरेला नजर नसताना विचारा. ‘कुठला क्लब’ असंही विचारू नका. एकही ओळखीची मैत्रीण नसलेल्या टीममध्ये जायची तयारी आहे का? पुढच्या वर्षी आठवड्याला तीनऐवजी दोनच प्रॅक्टिस असत्या तर बरं वाटलं असतं का? हा दुसरा प्रश्न विचाराच. त्याचं उत्तर ‘हो’ आलं तर गावच्या ट्रॅव्हल टीमचा पर्याय मनातल्या मनात का होईना, उघडा ठेवा. तिथे फी खूपच कमी असते, मॅचेस शेजारच्या गावांत, आणि नववीत शाळेच्या टीमची निवड तिथून खेळणाऱ्या मुलींमधूनही होते. तुमच्या यजमानांना हे पटायला वेळ लागेल. त्यांना सांगा, कांगा लीगही रोज दोन लोकल बदलून खेळत नव्हता तुम्ही.

आणि धाकटा. रविवारची मराठी शाळा निम्मी बुडते असं तुम्ही दोन शब्दांत उरकलंत, पण या सगळ्यात कोणीही ट्रायआउट न घेता ज्याला टीममध्ये भरती केलंय असा तोच आहे. पाच मुक्कामी फेऱ्यांपैकी दोन-तीनला तरी तुमच्यापैकी एकाने त्याच्याबरोबर घरी राहायचं, हे आत्ताच ठरवा आणि लेकीलाही सांगा, म्हणजे ऐनवेळी तिला ते ‘बाबा आलाच नाही’ असं वाटणार नाही. लांबच्या मॅचला टीममधल्या दुसऱ्या एखाद्या कुटुंबाबरोबर तिला पाठवायला हरकत नाही. तेरा वर्षांच्या मुलींना ते आवडतंसुद्धा. शाळेच्या शिक्षिकेला हंगामाचं वेळापत्रक आल्या आल्या दाखवा. बुडणारे रविवार आधी कळले तर त्या घरी करायचं काम देतात. न सांगता गैरहजर राहिलं की मूल मागे पडतं आणि मग तिथे जायलाच नको म्हणतं.

तर आज रात्री वाढदिवस, उद्या सकाळी क्लबला मेल. कोचचं नाव लेखी आलं आणि ते तुम्हाला पसंत असलं, तर ट्रायआउटच्या रांगेत उभं न राहता डिपॉझिट भरून टाका. नाव आलं नाही तर गुरुवारी त्या दुसऱ्या क्लबची प्रॅक्टिस बघायला जा, आणि जाताना सहालाच निघा, म्हणजे रस्ताही बघून होईल.